त्रयस्थाची हरकत

रजिस्टर पाकीट आलं तेव्हा मी अंगणात बसून शेवग्याच्या शेंगांच्या शिरा काढत होतो. रिटायर झालेल्या माणसाला बायका अशी कामं देतात. न दिली तर तो दिवसभर पंख्याखाली बसून घरातल्या प्रत्येकाच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवतो. पोस्टमनच्या मोबाईलवर मी बोटानं सही केली. ती माझी सही वाटत नव्हती, कोणाचीच वाटत नव्हती. पाकिटावर नांदेडच्या पोलीस कार्यालयाचा शिक्का होता. नांदेड हा शब्द आमच्या घरात दोन वर्षं होत आली, कोणी तोंडातून काढत नाही. टीव्हीवर हवामान सांगताना नांदेडचं तापमान आलं की माझी बायको साखराबाई उठून आत जाते, आणि परभणी-हिंगोली झालं की परत येऊन बसते. मी पाकीट फोडलं. मजकूर सरकारी होता, म्हणजे तीनदा वाचल्याशिवाय डोक्यात न शिरणारा. पण असले कागद वाचण्यात माझी उभी नोकरी सरली, मला पहिल्याच वाचनात कळलं. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अमुक घरी भेट देणाऱ्या पोलीस अंमलदाराच्या छातीवरील कॅमेऱ्यात झालेलं चित्रीकरण माहितीच्या अधिकारात मागण्यात आलं आहे. सदर चित्रीकरणात आपण दिसत असून आपला आवाज आहे. सबब त्रयस्थ पक्ष म्हणून आपली काही हरकत असल्यास दहा दिवसांच्या आत लेखी कळवावी. खाली अर्जदाराचं नाव होतं. साखराबाई शेषेराव टेकाळे, राहणार लातूर. पत्ता अर्थातच माझाच होता.

आत भाकरी थापण्याचा आवाज चालू होता. तो थांबला. "कोन व्हतं?" तिनं विचारलं. "पोस्टमन," मी म्हणालो, "हयातीच्या दाखल्याचं कायतरी." थापणं पुन्हा सुरू झालं. मी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि उरलेल्या शेंगा सोलल्या. दहा-बारा फुटांवर, एका भिंतीपलीकडं बसलेल्या बाईनं मला काही विचारलं नव्हतं. तिनं सरकारला विचारलं होतं. आणि सरकार मला विचारत होतं की तिला सांगू का. चाळीस वर्षांच्या संसारात मला साखराबाईची भीती वाटल्याचं आठवत नाही. रुसली तर समजूत काढायची, रडली तर पाणी द्यायचं, एवढाच आमचा व्यवहार. त्या दिवशी तिनं ताट पुढं ठेवलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडं पाहू शकलो नाही. शेंगांची आमटी होती. आमटीत मीठ कमी पडलंय हे तिनंच सांगितलं, मला चव लागत नव्हती.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. लातूरच्या स्टँडवर एकवीस वर्षं काचेच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारल्या. लोक मला चेहऱ्यानं कमी आणि आवाजानं जास्त ओळखायचे. किराणा दुकानात पाव किलो शेंगदाणे मागितले की दुकानदार चमकून वर बघायचा आणि म्हणायचा, आता कोणती गाडी लागली, साहेब? आणि माझं दुसरं काम, ज्याला पगार नव्हता, ते भांडणं मिटवायचं. कंडक्टर आणि प्रवासी, ड्रायव्हर आणि रिक्षावाला, कोणाचंही जुंपलं की टेकाळेंना बोलवा. मी यायचो, दोघांना चहा पाजायचो, आणि दोघांनाही आपलंच खरं ठरलं असं वाटेल इतपत गोलगोल बोलायचो. हळूहळू गावाकडून, भावकीतून बोलावणी येऊ लागली. बांधाची तक्रार, सोयरिकीतलं रुसणं. आमच्याकडं भांडण मिटलं याची खूण म्हणजे टॉवेल-टोपी. रुसलेल्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, हातात नारळ द्यायचा. चार लोकांत एवढा मान घेतला की माणसाला पुन्हा तोंड फिरवता येत नाही. कोर्टात वर्षानुवर्षं न सुटलेली गोष्ट मी एका टोपीवर सोडवलेली आहे. माझा या रिवाजावर कायद्यापेक्षा जास्त भरवसा होता. मात्र एकही भांडण मिटवताना चूक कोणाची, हे मी कधी विचारलं नाही. ते विचारलं की मिटत नाही, हा माझा अनुभव.

पुनम माझी थोरली, नांदेडला दिलेली. तिचा फोन आला तो पहाटेचा, आणि ती एवढंच म्हणाली, "बापू, येता का?" काय झालं ते मी विचारलं नाही, मला अंदाज होता. याआधी दोनदा ती आली होती, दोनदा सत्यम येऊन माफी मागून घेऊन गेला होता. आमचा जावई मोबाईल टॉवरच्या कंपनीत कामाला, दिसायला गरीब, बोलायला त्याहून गरीब. मी पहिल्या गाडीनं निघालो. साखराबाई फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "आता काय बी म्हनू दे, पोरीला घेऊनच या." मी हो म्हणालो. नांदेडच्या स्टँडवर उतरलो, समोरचं कापडाचं दुकान नुकतंच उघडत होतं, दुकानदार पाणी शिंपडत होता. मी एक टॉवेल घेतला, एक टोपी घेतली. नारळ पुढच्या गाड्यावरून घेतला. पुनमचं तोंड पाहायच्या आधी, तिला एक शब्द विचारायच्या आधी मी टोपी घेतली होती. माझ्या डोक्यावर घालून पाहिली, सैल वाटली म्हणून बदलून घेतली. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवतं की दुकानदाराच्या कानातला अत्तराचा बोळासुद्धा दिसतो.

वरच्या मजल्यावरच्या बाईनं आदल्या रात्री एकशे बाराला फोन केला होता. रात्री पोलिसांची गाडी येऊन सत्यमला दम देऊन गेली होती, आणि सकाळी त्या भागाचा पोलीस जबाब घ्यायला आला. तरणा होता, माझ्या वर्षाराणीच्या वयाचा. त्याच्या छातीवर काडेपेटीएवढी काळी डबी होती आणि तिच्यावर लाल ठिपका. तो म्हणाला, "काका, चालू हाय बरं का, नीट बोला." आणि मी, शेषेराव टेकाळे, वाहतूक नियंत्रक, माझा घसा आपोआप साफ झाला. एकवीस वर्षांची सवय. समोर बोलायचं यंत्र आलं की पोट आत घ्यायचं, हनुवटी वर, शब्द सुटा सुटा. पुनम आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिचा गाल सुजला होता, तेवढं मी पाहिलं. पोलिसानं तिला विचारलं, "ताई, तक्रार द्यायची का?" ती त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बापू, मला संगं न्या." मी त्या डबीकडं तोंड करून म्हणालो, साहेब, घरातला मामला आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ, आम्ही मिटवून घेतो. त्यानंतर मी पिशवीतून टोपी काढली. सत्यमनं ती मुकाट घालून घेतली आणि माझ्या पाया पडला. आपसात मिटले, तक्रार नाही, असं त्या पोलिसानं लिहिलं आणि आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, पुनमनंही.

संध्याकाळी लातूरला आलो तर साखराबाई फाटकातच उभी होती. माझ्या मागं कोणी नाही हे पाहून तिचं तोंड उतरलं. तेव्हा मी बोललो. मी म्हणालो, "अगं, मी चल म्हणालो तिला, तीच म्हणली, बापू, मी राहते, तुम्ही जावा. लेक शहाणी हाय तुझी." हे मी ठरवून बोललो नव्हतो. चप्पल काढता काढता तोंडातून आलं, गाडी लेट झाली की प्रवाशांना 'पाच मिनिटांत लागतेय' म्हणून सांगतात तसं. तेवढ्यानं ती रात्र निभावून जाणार होती, पुढचं पुढं. अकराव्या दिवशी पुनम गेली. कशी गेली ते कोर्टात चालू आहे, तिथल्या कागदांत ते सगळं आहे, मला इथं लिहवत नाही. मला एवढंच कळतं की त्या अकरा दिवसांत मी तिला चार फोन केले आणि चारही वेळा 'मिटलं ना आता?' असं विचारलं. ती हो म्हणाली.

तेराव्याला हदगावहून साखराबाईचा भाऊ भगवानराव आला होता. माणूस तोंडाचा फटकळ, पण पुनमवर त्याचा जीव. लहानपणी ती उन्हाळाभर त्याच्याकडंच असायची. जेवणं झाल्यावर, मांडवात सगळी भावकी बसलेली असताना तो मोठ्यानं म्हणाला, "दाजी, पोरगी घेऊन चला म्हनत असंल, तुम्हीच तिला परत घातली. टोपी घालायला गेलता म्हनं."  मी खाली बघत सुपारी कातरत राहिलो. साखराबाई बायकांतून उठली. ती चार लोकांत कधी बोललेली नाही, डोक्यावरचा पदरसुद्धा तिनं कधी खाली पडू दिलेला नाही. ती भावासमोर येऊन उभी राहिली आणि ओरडली, "माझ्या नवऱ्याला लेक जड झाली नव्हती! ती सोता म्हनली मी ऱ्हाते म्हनून. पुन्यांदा असं बोललास तर तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई." भगवानराव तसाच उठून गेला. त्यानंतर दोन राख्या गेल्या, दोन भाऊबीजा गेल्या. ज्या भावानं तिला आईमागं वाढवलं, त्याच्या घरी ती गेली नाही. या गणपतीत त्याच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, निरोप आला, तरी ती गेली नाही. दोन दिवस देवळात जाऊन बसली, तिथून यायची आणि माझ्यासाठी चहा टाकायची. मी तो चहा पीत होतो. माणूस किती निर्लज्ज असू शकतो हे दुसऱ्यांकडं पाहून कळत नाही.

तर असा तो दहा दिवसांचा अवधी. मी रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचो आणि गंजगोलाईला फेरी मारून परत यायचो. चालताना डोक्यात सारखी ती डबी. माझ्या आठवणीत ती सकाळ झिजून झिजून थोडी बरी झालेली होती. पुनमचं 'मला संगं न्या' हे वाक्य मी मनात इतक्या वेळा ऐकलं होतं की ते पुनमनं म्हटलं की मीच रचलं, असा मला कधीकधी संशय यायचा, आणि तो संशय मला आवडायचा. पण त्या डबीला संशय नव्हता. नांदेडच्या कुठल्याशा कपाटात, कुठल्याशा यंत्रात ती सकाळ जशीच्या तशी, सव्वाअकराची सव्वाअकरालाच, पडून होती. तिथं पुनम जिवंत होती आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती.

तहसीलपाशी रामलिंग नावाचा अर्ज लिहिणारा बसतो, जुना ओळखीचा. मी त्याला कागद दाखवला, अर्जदाराच्या नावावर अंगठा ठेवून. त्यानं अंगठा बाजूला केला नाही, माणूस समजदार. "कंट्रोलर साहेब, सोपं हाय," तो म्हणाला. "एक ओळ ल्ह्या. खाजगी बाब, मयताची आणि घरान्याची बदनामी होईल. काम खतम. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "आन् खरं सांगू का, देऊच नये असलं. एकदा का कुनाच्या मोबाईलात गेलं की गेलं. ती बाई पाहिलती का तुम्ही, ठाण्याच्या पायरीवर रडून राहिलती?" पाहिली होती. सगळ्या लातूरनं पाहिली होती. कुठल्यातरी गावची बाई, केस सुटलेले, ओढणी कुठं गेली तिचं भान नाही, पोलिसाला हात जोडून काहीतरी सांगत होती. आणि कोणीतरी त्याच्यावर गाणं टाकून पाठवलं होतं. चहाच्या टपरीवर आम्ही चौघा म्हाताऱ्यांनी ते पाहिलं. मी दोनदा पाहिलं. एकजण हसला तेव्हा मीही हसलो. ती कोणाची लेक असेल हे तेव्हा मनात आलं नाही. आता आलं. पुनमचा सुजलेला गाल तसा टपरीटपरीवर फिरेल, कोणी अंगठ्यानं तिला वर सरकवेल, पुढचं काहीतरी बघेल. नाही. ते होऊ देणार नाही. माझी हरकत होती, आणि ती बापाची हरकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

ते बरं वाटणं घरी येईपर्यंत टिकलं. हरकतीचा अर्ज मी स्वतः लिहिला, अक्षर माझं चांगलं आहे. मयत मुलीच्या खाजगी आयुष्यावर आघात होईल, चित्रीकरणाचा गैरवापर होईल, कुटुंबाच्या मनाला यातना होतील. प्रत्येक वाक्य खरं होतं. सगळी वाक्यं खरी असून अर्ज मात्र खोटा होता, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? लेकीच्या अब्रूवर पांघरूण घालायच्या नावाखाली मी स्वतः त्या पांघरुणात शिरत होतो. तरी मी तो रजिस्टरनं पाठवला. पोस्टाची पावती खिशातल्या पाकिटात ठेवली, त्यात पुनमचा शाळेतला पासपोर्ट फोटो आहे. पावती दुसऱ्या कप्प्यात घातली.

महिन्याभरानं निकाल आला, तो साखराबाईच्या नावानं. रविवार होता, वर्षाराणी औशाहून आली होती. धाकटी तिथं शाळेत शिकवते, आईचा अर्ज तिनंच भरून दिला असणार. दोघी ओट्यावर बसल्या आणि वर्षाराणीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी मोरीत हात धुवत होतो. "त्रयस्थ पक्षानं हरकत घेतल्यामुळे प्रत देता येणार नाही. तथापि अर्जदार मयताची आई असल्यानं कार्यालयात येऊन एकदा पाहता येईल. त्रयस्थ पक्षांची ओळख झाकण्यात येईल." वर्षाराणी थांबली. तिनं वर पाहिलं. तिला कळलं होतं. साखराबाईलाही थोड्या वेळानं कळलं. "तुमाला बी कागद आलता?" तिनं विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. नळ चालूच होता. आता ती काय बोलेल ते मी ऐकायला तयार होतो, खरं म्हणजे ती बोलली असती तर सुटलो असतो. ती म्हणाली, "बरं केलं तुम्ही. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. पोरीचं तोंड लोकांच्या मोबाईलात कशाला? आपुन दोघं जाऊन बघून येऊ." आणि ती उठून कुकर लावायला गेली. वर्षाराणी माझ्याकडं पाहत राहिली. ही पोरगी आईवर गेली नाही, माझ्यावर गेली आहे, तिला लोकांच्या बोलण्यातलं पोकळ कळतं. पण तिनं कागदाची घडी घातली आणि आईमागं आत गेली.

आम्ही बुधवारी निघालो. साखराबाईनं सणाला नेसते ते हिरवं लुगडं नेसलं होतं, जणू पुनमकडं डोहाळजेवणाला चालली होती. खिडकीशी ती, शेजारी मी. चाकूर गेलं, अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली, सोयाबीनची रास घातलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभे होते. चार तासांचा प्रवास. मी मनाशी ठरवलं होतं की अहमदपूरच्या आत सांगायचं. मग ठरवलं, लोह्याच्या आत. कसं सुरू करायचं याची वाक्यं मी जुळवत होतो, आणि एकवीस वर्षं तोंडानं पोट भरलेल्या माणसाला एक वाक्य जमत नव्हतं. साखराबाई मधेच म्हणाली, "तिचा आवाज आसंल न्हाई का त्यात?" "असंल की," मी म्हणालो. "मला आता तिचा आवाज नीट आठवना झालाय," ती म्हणाली, "वर्षाचाच आठवतो, आन् वाटतं त्योच पुनमचा." तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा तिचा हात माझ्या हाताजवळ होता. पण मागच्या सीटवरच्या माणसानं गाडी नांदेडला किती वाजता पोचेल म्हणून विचारलं आणि मी त्याला सविस्तर सांगितलं. लोहा मागं पडलं.

त्या कार्यालयात आम्हाला एका लहान खोलीत बसवलं. एक बाई पोलीस होती, मऊ बोलणारी. तिनं सांगितलं, मावशी, साडेअकरा मिनिटांचं आहे, मोबाईल बाहेर ठेवा, मधे थांबवायचं असेल तर सांगा. कॉम्प्युटरचा पडदा उजळला. चित्र छातीच्या उंचीवरून घेतलेलं होतं, हलत होतं, एखादं लहान मूल घरात शिरून बघावं तसं. दोन माणसं होती, त्यांच्या तोंडांच्या जागी करडे धुरकट गोळे. एक सत्यम, एक मी. आमच्या तोंडांवर सरकारनं पडदा टाकला होता, कारण आम्ही जिवंत होतो आणि आमची हरकत होती. मागं दारात पुनम होती आणि तिचं तोंड लख्ख दिसत होतं. मेलेल्या माणसाला नोटीस जात नाही. साखराबाई पुढं सरकली. तिचा हात पडद्याच्या दिशेनं गेला आणि मधेच थांबला. "वाळली की गं," ती म्हणाली.

आवाज झाकलेला नव्हता. माझा आवाज त्या खोलीत इतका स्वच्छ भरला की बाई पोलिसानं बटण दाबून तो कमी केला. पुनमचं वाक्य आलं. बापू, मला संगं न्या. मी रचलेलं नव्हतं. मला वाटत होतं त्याहून ती हळू म्हणाली होती, आणि दोनदा म्हणाली होती. मी साखराबाईकडं पाहिलं नाही. ज्या घटकेला मी दोन वर्षं भीत होतो ती आली आणि गेली, आणि पुढं चित्र चालूच राहिलं. धुरकट तोंडाच्या माणसानं टोपी काढली, टॉवेल झटकला, आणि मागं न बघता म्हणाला, "पुनम, कुंकू आन." ती आत गेली. करंडा ठेवलेली छोटी ताटली घेऊन आली. डाव्या हातानं. उजवा हात ओढणीखाली पोटाशी धरलेला होता. मी सत्यमकडं तोंड करून उभा होतो, ताटली शेजारी आली तेव्हा मान वळवली, आणि माझा तो सुटा सुटा, फलाटावर ऐकू जाणारा आवाज म्हणाला, "डाव्या हातानं कुंकू देतेत का? येवढं बी शिकवलं न्हाई का तुज्या मायनं?" पुनमनं ताटली उजव्या हातात घेतली. मनगट सुजून दुप्पट झालेलं ओढणीतून बाहेर आलं, काळंनिळं. ताटली थरथरत होती, करंडा वाजत होता. मी त्यातलं कुंकू चिमटीनं घेतलं आणि सत्यमला लावलं.

हे मला आठवत नव्हतं. मी शपथेवर सांगतो, हे माझ्याजवळ नव्हतंच. दोन वर्षं मी एका वाक्याची राखण करत बसलो होतो आणि हे दुसरं वाक्य माझ्या मनानं मला न विचारता बाहेर नेऊन टाकलं होतं. किती जपून वागतो माणूस स्वतःशी. "थांबवू का, मावशी?" बाई पोलिसानं विचारलं. साखराबाई नको म्हणाली. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. सह्या, पाया पडणं, नारळ, सगळं. शेवटी पोलीस वळला तेव्हा पुनम पुन्हा एकदा ओझरती दिसली, ताटली छातीशी धरून उभी. मग पडदा काळा झाला. परत बघायचं का, असं त्या बाईनं नियमात बसत नसताना विचारलं. साखराबाईनं नको म्हणून मान हलवली. एका रजिस्टरवर 'पाहिले' म्हणून तिचा अंगठा घेतला, शाई पुसायला कागद दिला.

बाहेर आवारात लिंबाखाली बाकडं होतं. ती बसली. मी उभाच राहिलो. रडेल असं वाटलं, पण ती बोट पुसत होती, पुसलं तरी पुसत होती. "मला वाटलं व्हतं तुम्ही खरं बोलला आसाल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मी त्याला धरून उभा राहिलो असतो. "भगवानला दाखवायचं व्हतं. तो म्हनला ना, तुम्हीच परत घातली. मला वाटलं, सरकारी कागद आसला की त्याचं तोंड गप होईल. मंग मी जाईन त्याच्याकडं. तुम्ही खरं बोलला म्हनून दाखवायला मागितलं व्हतं मी." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माफीचा शब्द असेल. तो आलाच नाही, आणि आला असता तरी मिटवायचं म्हणूनच आला असता.

आम्ही चालत स्टँडवर गेलो. लातूरची गाडी लागलेली होती, मी तिकडं वळलो. ती वळली नाही. ती हदगावच्या गाडीकडं गेली आणि चढली. मी मागं धावलो. ती खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. खाली उभं राहून, मान वर करून मी म्हणालो, "थांब, मी बी येतो. भगवानरावला मीच सांगतो सगळं, माझ्या तोंडानं." आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखर बोलायचं होतं, आणि शब्द तयार होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, परक्या गावच्या माणसाकडं बघावं तसं, नीट, वेळ घेऊन.

"तुम्ही लई बोललात," ती म्हणाली. "आता मी सांगते." कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी निघाली.